अपील करायला आलेला फिर्यादी

ती घटना आठवायला मला कधी निमित्त लागले नाही. लिहायला मात्र लागले. ज्यांच्यामुळे ती घडली, ते जुन्नरचे धारवाले चाचा मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या मातीला जाऊन आल्यापासून मी पुस्तक उघडतो, दोन पाने वाचतो आणि मिटून ठेवतो. वाचलेले आत शिरत नाही. तेव्हा ठरवले, जे आत आहे तेच आधी कागदावर उतरवावे. नावे कुणाचीच लिहिणार नाही. त्या भागातल्या जुन्या माणसांना ती न लिहिताही कळतील.

नोकरीत मी अपिले पुष्कळ पाहिली. शिक्षा झालेला माणूस वरच्या कोर्टात जातो, त्याची शिक्षा कायम होते, कमी होते किंवा रद्द होते. निकालाची प्रत ठाण्यात येते, नोंद होते, विषय संपतो. पोलिसाच्या दृष्टीने अपील म्हणजे आपण बांधलेली गाठ कुणीतरी सोडवू पाहणे. त्यामुळे आम्ही त्याकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहतो.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी नुकताच चार्ज घेतला होता. गणपती विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून माणसे थोडी सैल झाली होती. सकाळची हजेरी झाल्यावर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी हसण्याचा आवाज आला म्हणून मी केबिनबाहेर आलो. टेबलासमोर साठीतले एक गृहस्थ उभे होते. पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी, उजवा हात छातीशी धरलेला. मनगटाला बाक आला होता.

आमचे हवालदार त्यांना सांगत होते, "चाचा, आवो अपील ज्याला शिक्षा झाली त्यो करतो. तुमी फिर्यादी. तुमी पेढे वाटायचे."

"पेढं तू खा," चाचा म्हणाले. "मला अपील करायचंय. कागुद कुठं मिळतो तेवढं सांग."

"कुनासाठी?"

"आरोपीसाठी."

सगळे पुन्हा हसले. चाचा हसले नाहीत. मी त्यांना आत बोलावले, खुर्ची दिली आणि चहा मागवला.

चाचा शिकलगार. विळे, कोयते, अडकित्ते, कातऱ्या यांना धार लावणे हा पिढीजात धंदा. स्कूटरच्या मागे त्यांनी धारेचे चाक बसवून घेतले होते. स्कूटर उभी करायची, पुढ्यात बैठक घालायची आणि चाक फिरवायचे. आळे, निमगाव सावा, इकडे अवसरी बुद्रुकपर्यंत ते फिरत. दसऱ्याच्या आधी मेंढ्यांची लोकर कातरण्याचे दिवस आले की मेंढपाळांच्या वाड्यांवर त्यांना हमखास बोलावणे येई. मेंढपाळांचा वाडा म्हणजे घर नव्हे. चार-सहा कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री यांचा एकत्र फिरता तळ. आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात, रानाला खत मिळते. वाड्याचा एक कारभारी असतो. मुक्काम कुठे, निघायचे कधी, शेतकऱ्याशी बोलणी कुणी करायची, सगळे तोच ठरवतो.

घटना आदल्या वर्षीची होती. चाचा एका वाड्यावर कातऱ्यांना धार लावत बसले होते. तेवढ्यात काही मेंढ्या शेजारच्या कांद्याच्या रोपात घुसल्या. रोपवाला शेतकरी भावकी घेऊन आला. इकडून मेंढपाळ काठ्या घेऊन उठले. आरडाओरडा, धूळ, कुत्र्यांचे भुंकणे. आणि त्या गोंधळात चाचांना मागून जोराचा तडाखा बसला. ते पुढे चाकावर कोसळले. उजवे मनगट मोडले. दवाखान्यात जबाब देताना त्यांनी सांगितले, मागून कुणीतरी मारले, वाड्यावरच्यांपैकी असावे. पोलीस वाड्यावर गेले, तेव्हा कारभारी स्वतः पुढे आला आणि म्हणाला, माझ्याच हातून झाले. काठी काढून दिली. पंचनामा झाला, काठी जप्त झाली, दोषारोपपत्र गेले. हाड मोडले म्हणजे गंभीर दुखापत. कोर्टात दोषारोप वाचून दाखवल्यावर कारभाऱ्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. वकील दिलेला नव्हता. नको म्हणाला होता. एक वर्षाची सक्तमजुरी झाली. आरोपीने कबुली दिली की साक्षीपुरावा होत नाही, त्यामुळे चाचांना साक्षीला बोलावण्याची वेळच आली नाही. शिक्षा झाल्याचे त्यांना आठवडी बाजारात कुणीतरी सांगितले.

"मग तुमची तक्रार काय आहे, चाचा?" मी विचारले. "शिक्षा जास्त झाली असे वाटते का?"

"ज्यास्त-कमी न्हाई, साहेब. मानूसच चुकीचा हाय." त्यांनी डाव्या हाताने टेबलावरचा माझा पेन उचलला आणि माझ्यासमोर धरला. "भांडान नुकतंच पेटलं व्हतं, कारभारी आजून आसा माझ्या म्होरंच बसला व्हता. येक येक कातर हातात देत व्हता. तडाखा बसला मागनं. त्याला काय चार हात हायत?"

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"तवा मी कुठं म्हनलो कारभाऱ्यानं मारलं? मी म्हनलो कुनीतरी. म्होरं काय झालं ते मला कुनी इचारलंच न्हाई. कोर्टात बोलावतील तवा सांगू म्हनून बसलो, तर तिकडं निकालच!"

मी त्यांना कायदा समजावला. आरोपी सुटला किंवा शिक्षा कमी झाली असे वाटले, तर फिर्यादीकडून वर दाद मागता येते. पण झालेली शिक्षा रद्द करा असे अपील फक्त शिक्षा झालेल्यानेच करायचे असते. त्यातही गुन्हा कबूल केलेला असेल तर रस्ता फार अरुंद. अपिलाची ठरावीक मुदत असते, तीही उलटत आली होती.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे मला त्याला बरबाद करायचं आसंल, तर कायदा माझ्या बाजूनं. सोडवायचं आसंल तर न्हाई. बरं हाय."

ते वाक्य मी डायरीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

मी सरकारी वकिलांना भेटलो. ते अनुभवी गृहस्थ. म्हणाले, "आरोपीला सोडवणं हे तुमचं काम नाही. पण फिर्यादी आपणहून काही सांगत असेल, तर ते लिहून घ्यायला तुम्हाला कुणी अडवलं आहे? आणि खरं असेल ते मी कोर्टापुढे लपवणार नाही." वरिष्ठांना कळवले, कोर्टाची परवानगी घेतली आणि चाचांचा पुरवणी जबाब नोंदवला. त्यानंतर कारभाऱ्याला भेटायला येरवड्याला गेलो.

उंच, वाळलेला माणूस. तुरुंगातल्या कपड्यांतही पाठ ताठ. माझ्यासमोर बसायला त्याने बराच वेळ घेतला. साहेबासमोर खुर्चीवर बसायची त्याला सवय नव्हती.

"चाचाला कुणी मारलं?"

"मी."

"कशानं?"

"काठीनं."

"कुठे उभे होतात?"

"मागं."

"चाचा म्हणतात, तुम्ही समोर बसून कातर देत होतात."

"पडल्यावर भोवळ आली आसंल त्यास्नी. म्हातारा मानूस."

"काठी डोक्यात घालायची होती, की पाठीत?"

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "साहेब, मी मारलं. येकदा सांगितलं, दहांदा तेच सांगनार."

चौकशीच्या खोलीत आयुष्य घालवल्यावर एक गोष्ट कळते. स्वतःला वाचवण्यासाठी खोटे बोलणारा माणूस तपशील पुष्कळ देतो. न विचारलेलेही सांगतो. दुसऱ्याला वाचवणारा एकच वाक्य घट्ट धरून बसतो, कारण त्यापलीकडे त्याच्यापाशी काही नसते. कारभारी या दुसऱ्या प्रकारातला होता. उठताना त्याने मला दोनच गोष्टी विचारल्या. "चाचाचा हात वळतो का?" आणि "वाड्यावरचं जनावर-बिनावर जप्त तर न्हाई ना केलं कुनी?"

पहिल्या प्रश्नाने मला त्याच्याविषयी आदर वाटला. दुसरा प्रश्न मी मनावर घेतला नाही. माझ्या डोक्यात संशय पक्का होता. कारभाऱ्याचा एक तरणाबांड पुतण्या होता. भांडणात सगळ्यात पुढे काठी उगारून तोच उभा होता, असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. चुलता पुतण्याला वाचवतो आहे, असे मी गृहीत धरले.

वाडा तेव्हा आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकच्या शिवारात एका मोकळ्या रानात बसला होता. दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळीनंतर ही माणसे ओतूरवरून माळशेज घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस यायच्या आधी वर येतात. कोकणातले रस्ते, पाणवठे, भाताची रिकामी खाचरे कुठली आणि तिथली माणसे कोण, हे सगळे कारभाऱ्याच्या डोक्यात. तो नसेल तर वाडा घाट उतरू शकत नाही. इकडे राहिला तर चारा नाही. दोन कुटुंबे आपापली मेंढरे घेऊन वेगळे व्हायच्या बेतात होती. म्हणजे शिक्षा एका माणसाला झाली होती आणि मोडत होता सगळा वाडा.

आम्ही सकाळी उन्हे वर आल्यावर पोहोचलो. कारभारीण चुलीपाशी होती. पन्नाशीची, ठसठशीत बाई. पोलीस पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पण उठली नाही. मी पुतण्याला बाजूला घेऊन विचारपूस सुरू केली.

"मी नाय मारलं, साहेब," तो म्हणाला. "मी मारलं आसतं तर चुलत्याला जाऊ दिलं आसतं व्हय? आमाला वाटलं, खरंच चुलत्यानं मारलं. ते म्हनलं तसं. मग आमी काय बोलनार?"

तो खरे बोलत होता. मला ते पटले आणि माझा संशय जागच्या जागी विरला. आता पुढे काय, हे मला सुचेना.

एवढ्यात आमच्या हवालदारांनी तोंडावर पाणी मारावे म्हणून रानाच्या कडेला पाण्याच्या पाटाच्या काठावर जाऊन बैठक मारली. वजनदार माणूस, पाठ आमच्याकडे. कळपातून एक एडका, म्हणजे शिंगांचा नर मेंढा, हळूहळू बाजूला झाला. बाकीची मेंढरे कातरलेली, हा मात्र लोकरीने लदलेला. गळ्यात घुंगरू, शिंगांच्या मध्ये भंडारा फासलेला. त्याने मान खाली घातली, चार पावले मागे सरकला आणि पळत येऊन हवालदारांच्या कमरेत असा बसला, की हवालदार टोपीसकट पाटात.

"आरं द्येवा, परत!" कारभारीण ओरडली.

ओरडली आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

मी तिच्याकडे पाहिले. पुतण्यानेही पाहिले. एडका निवांतपणे माघारी चालला होता.

पाटातून हवालदार म्हणाले, "साहेब, तीनशे त्रेपन्न लावा ह्याला. सरकारी कामात अडथळा!"

मी कारभारणीपाशी जाऊन मातीतच बसलो. "वहिनी, परत म्हणजे? याआधी कुणाला पाडलं?"

ती चुलीतले लाकूड पुढे-मागे सारू लागली. मग डोळ्यांतून पाणी यायला लागले.

"त्येनी मला सबुद घातला व्हता," ती म्हणाली. "कुनाला बोलायचं न्हाई म्हनून. म्या आनि त्येनीच बघितलं व्हतं. बाकी समदे भांडनाकडं बघत व्हते. चाचा वाकून बसलं व्हतं चाकाम्होरं. ह्यो आला आनि दिला धडका."

"मग सांगायचं ना!"

"कसं सांगायचं, भाऊ? देवाच्या नावानं सोडलेला एडका हाय त्यो. त्याला आमी कापत न्हाई, इकत न्हाई, त्याची लोकर बी कातरत न्हाई. पोलीस आले तवा काठ्या गोळा केल्या, कातऱ्या गोळा केल्या. म्हनले समदा मुद्देमाल हाय. मागं पल्याडच्या एका वाड्याची घोडी आशीच मुद्देमाल म्हनून न्हेली व्हती. कुठं न्हेली, काय खाल्लं, कोन जाने. माघारी आली तवा नुसता सांगाडा. कारभारी म्हनले, देवाचं जनावर ठान्यात बांधलं तर आमी देवाला काय त्वांड दावायचं? उद्या लिलावात कुनी घेतला आनि कापला तर?"

"म्हणून स्वतःवर घेतलं?"

"आमच्यात तशीच रीत हाय. मेंढरानं कुनाचं नुकसान केलं, तर कारभाऱ्यानं उठायचं, माझ्याकडनं झालं म्हनायचं. मग समोरचा सांगतो, एक मेंढी द्या, कोकरू द्या. दिलं की मिटलं. परत त्यो इषय कुनी काढायचा न्हाई. त्येंला वाटलं, कोर्टात बी तसंच. कबूल केलं की एखादं मेंढरू मागतील." तिने पदराने डोळे पुसले. "त्यांनी मेंढरू मागितलंच न्हाई, भाऊ. मानूसच घेतला."

गुन्हा उलगडला की पोलिसाला एक प्रकारचा आनंद होतो. त्या दिवशी तो मला झाला नाही. मी फक्त त्या बाईकडे आणि तिच्यामागे उन्हात उभ्या असलेल्या त्या लोकरीच्या डोंगराकडे बघत राहिलो. वैद्यकीय दाखल्यात असते तसे म्हणायचे तर 'कठीण व बोथट वस्तू' तीच होती.

चाचांना कळवले, तेव्हा ते प्रथमच हसले. इतके हसले की खोकला लागला. "एडका!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आनि मी वरीसभर इचार करतोय, कोन माझा दुश्मन निघाला!" मग एकदम गंभीर झाले. "पन साहेब, सही कारभाऱ्याची लागंल ना? त्यो देनार न्हाई. वळखतो मी त्याला. चला, मला घेऊन चला."

तालुक्यातल्या एक तरुण वकीलबाई मोफत विधी सेवेतून हे काम घ्यायला तयार झाल्या. आम्ही तिघे येरवड्याला गेलो. भेटीच्या जागी मध्ये जाळी होती. कारभारी आला आणि चाचांना पाहून थबकला.

"चाचा, हात कसा हाय?"

"हात ऱ्हाऊ दे. तुझा एडका लई माजलाय. परवा हवालदाराला पाटात घातला."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. "न्हेला का त्याला?"

"नाही," मी म्हणालो. "नेणारही नाही. त्याला आणण्याची कायद्याला गरज नाही. हा माझा शब्द."

"कारभारणीनं सांगितलं व्हय?"

"तिच्यावर रागवायचं न्हाई," चाचा म्हणाले. "तिनं सांगितलं न्हाई, तिच्या तोंडातनं निसटलं. आता ह्या बाईसाहेब कागुद आनल्यात. सही कर."

"न्हाई चाचा. मी कोर्टात येक बोललो. आता दुसरं बोलू? आनि देवाच्या जनावराचं नाव कोर्टात घ्यू?"

चाचांनी जाळीला डावा हात टेकला. "हे बघ. त्यो देवाचा हाय ना? तुझा देव मोठा हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग त्याला तुझ्या आडोशाची काय गरज? मोठ्यांच्या भानगडीत आपन कशाला पडायचं? दुसरं सांगतो. हात कुनाचा मोडला?"

"तुमचा."

"माझा. दुखलं कुनाला? मला. धंदा कुनाचा बसला? माझा. मग कुनी मोडला, ते सांगायचा हक्क कुनाचा? तू मला न इचारता उठलास आनि माझ्या दुखन्याचा मालक झालास. मी कोर्टात बसून सांगनार व्हतो, तर तू मला तिथवर पोचूच दिलं न्हाईस. एडक्यानं हात मोडला, राव. पन माझा सबुद तू मोडलास."

कारभारी जाळीजवळ सरकला.

"आनि मी घरी झोपू कसा?" चाचांचा आवाज खाली आला. "रोज वाटतं, माझ्या हाताच्या बदल्यात एक मानूस आत हाय. ह्यो हिशेब वर कुठं द्यायचा मी?"

कारभाऱ्याने हात पुढे केला. तुरुंगाच्या रीतीप्रमाणे वकीलपत्र आत गेले आणि सही होऊन बाहेर आले. सही म्हणजे मोठ्या कष्टाने काढलेली, वाकडीतिकडी चार अक्षरे. चाचांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी मला जुन्नरवरनं यावं लागलं."

अपील खेडच्या सत्र न्यायालयात दाखल झाले. मुदत उलटून गेली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज करावा लागला. वकीलबाईंनी मुद्दा मोजका मांडला. कबुली देणाऱ्याला वकील नव्हता. कबुलीचा परिणाम काय, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या समाजात कबुली म्हणजे भरपाईची तयारी, तुरुंगाची नव्हे. आणि ज्याचा हात मोडला, तोच सांगतो आहे की हा माणूस माझ्यासमोर बसला होता. सरकारी वकिलांनी दिला शब्द पाळला. उठून म्हणाले, "फिर्यादीचा पुरवणी जबाब खरा आहे, तो कोर्टाने विचारात घ्यावा." पोलीस आणि बचाव एकाच बाजूला उभे असल्याचा प्रसंग मी नोकरीत पुन्हा पाहिला नाही.

कोर्टाने आधी शिक्षेला स्थगिती देऊन कारभाऱ्याला जामिनावर सोडले. दिवाळी होऊन गेली होती, तरी वाडा अवसरीच्या रानातून हलला नव्हता. वेगळी व्हायला निघालेली दोन कुटुंबेही थांबली होती. तो आल्यावर दुसऱ्या दिवशी घोड्यांवर बिऱ्हाडे चढली.

पुढे अपील मंजूर झाले. शिक्षा रद्द झाली आणि खटला नव्याने चालवण्यासाठी तालुक्याच्या कोर्टात परत आला. आता मात्र साक्षीपुरावा व्हायचा होता. चाचा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, त्या दिवशी कोर्ट भरलेले होते. काही लोक एडक्याची गोष्ट ऐकायला आले होते. हसे होणार, हे चाचांना ठाऊक होते. जुन्नरच्या बाजारात पोरे त्यांना पाहून मेंढरासारखी ओरडतच होती. घरच्यांनी सांगितले होते, जाऊ द्या, आता तो सुटलाय, तारखेला गेलाच नाहीत तरी चालेल. ते इस्त्री केलेला सदरा घालून आले होते.

त्यांनी सगळे सांगितले. कारभारी कुठे बसला होता, कातर कुणी दिली, तडाखा कुठून बसला. कोर्टाने विचारले, "मागून कोणी मारले ते तुम्ही पाहिले का?"

"न्हाई साहेब. पाठीला डोळं नसत्यात. पन ज्यानं मारलं, त्यो कारभारी नव्हता, हे म्होरच्या डोळ्यांनी बघितलं."

त्यानंतर कारभारणीची साक्ष झाली. तिने देवाचे नाव घेऊन एडक्याचे नाव घेतले आणि साक्ष संपल्यावर पिंजऱ्यातच हात जोडून देवाची माफी मागितली.

शेवटी कोर्टाने चाचांकडे पाहून विचारले, "तुमची आता कोणाविरुद्ध काही तक्रार आहे का?"

"हाय," चाचा म्हणाले. "ह्या कारभाऱ्याविरुद्ध. पन ती मी त्याला घरी नेऊन सांगीन."

कोर्टातले सगळे हसले. निर्दोष सुटकेचा निकाल झाला तेव्हा कारभारी गुडघ्यांवर हात ठेवून बाकावर बसून राहिला आणि चाचा त्याला डाव्या हाताने उठवत होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे पुष्कळांनी विचारले. कबुली मिळाली की तपास संपत नाही, हे तर कुठल्याही प्रशिक्षणात सांगतात. मला शिकवले ते वेगळे होते. आम्ही पोलीस फिर्यादीला नेहमी दुखावलेला माणूस समजतो आणि त्याला हवी असते ती शिक्षा, असे धरून चालतो. चाचांना शिक्षा नको होती, दयाही नको होती. क्षमाशील म्हटलेले त्यांना आवडले नसते. क्षमा करण्यासारखे काही घडलेच नाही, असे ते म्हणाले असते. त्यांना आपल्या बाबतीत जे घडले ते खरे तसे नोंदवले जायला हवे होते. त्यासाठी ते वाकड्या मनगटाने कोर्टाच्या पायऱ्या चढले, त्यांनी हसू ओढवून घेतले आणि कायद्याने जिथे दार ठेवलेले नव्हते, तिथे दार पाडले. मी पुस्तकांतून न्यायाविषयी बरेच वाचले आहे. न्याय मागणारा माणूस मी इतक्या जवळून एकदाच पाहिला.

त्यांचा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. मोठ्या कातऱ्यांची धार त्यांनी सोडली, विळे-अडकित्ते तेवढे करत राहिले. तरी दर दसऱ्याआधी ते त्या वाड्यावर जात. धार लावायला नव्हे, जेवायला. बसताना, असे सांगतात, पाठ घोड्यावरून उतरवलेल्या बिऱ्हाडाला टेकून बसत.

मागच्या महिन्यात जुन्नरच्या कब्रस्तानात गर्दी होती. मी मागच्या बाजूला उभा होतो. कारभारी शहापूरच्या बाजूला कुठेतरी वाडा टाकून आला होता. डोक्याला पागोटे, खांद्यावर घोंगडी, पायांवर घाटाची धूळ. आता त्याची पाठही पूर्वीसारखी ताठ राहिली नाही. माती द्यायला लोक एकेक पुढे जात होते. हाही पुढे सरकला. चाचांच्या लांबच्या नात्यातला, मुंबईहून आलेला एक तरुण कडेला उभा होता. त्याने अदबीनेच विचारले, "आप? तुम्ही मय्यतचे कोण?"

कारभाऱ्याने पागोटे काढून काखेत धरले. उत्तर शोधायला त्याला वेळ लागला नाही.

"मी त्येंचा आरोपी," तो म्हणाला.

तरुण गोंधळून बघत राहिला. जुन्नरची जी म्हातारी माणसे कबरीभोवती उभी होती, ती दोन्ही बाजूंना सरकली आणि त्यांनी त्याला जागा करून दिली.